वॉर्म रीबूटलाच कोसळणारा टच ड्रायव्हर

६४-बिट आर्मचा बोर्ड, त्यावर लिनक्स, आणि आय-टू-सी बसवर (चिपा जोडणाऱ्या दोन तारांच्या मार्गावर) बसवलेलं कपॅसिटिव्ह टच पॅनेल. तक्रार अशी की वीज काढून पुन्हा दिली तर टच बिनबोभाट चालतो, पण चालू मशीनवर रीबूटची कमांड दिली (वीज न काढता होणारं हे वॉर्म रीबूट) की अधूनमधून मेलेला असतो. स्क्रीन उजळते, नेटवर्क येतं, एसएसएचने आत शिरता येतं, इनपुट तपासणाऱ्या 'इव्हटेस्ट'च्या यादीत टचस्क्रीनचं नावही दिसतं. फक्त स्पर्श पोचत नाही.

अशा वेळी पहिला संशय केबलवर किंवा पॅनेलवर जातो आणि बराच वेळ तिथेच वाया जातो. त्याआधी 'डीमेसेज', म्हणजे कर्नलचा लॉग, बघावा. आमच्या लॉगमध्ये बूटच्या तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला स्वच्छ कर्नल ऊप्स (कर्नलच्या कोडमध्ये झालेल्या पडझडीची नोंद) पडलेला होता, 'नल पॉइंटर डिरेफरन्स', म्हणजे शून्य पॉइंटरमागची मेमरी वापरली, असं नाव घेऊन. तरी मशीन चालू राहिलं, कारण ऊप्स इंटरप्टच्या (चिपने कर्नलला मारलेल्या हाकेच्या) स्वतंत्र थ्रेडमध्ये झाला. कर्नलने तेवढा थ्रेड मारला, 'एक्झिटिंग टास्क... इज ॲन ॲक्टिव्ह आयआरक्यू थ्रेड' अशी नोंद केली आणि बाकीचं बूट पुढे नेलं. ड्रायव्हरचं प्रोब फंक्शन (डिव्हाइस सुरुवातीला सज्ज करणारं) दुसऱ्या थ्रेडमध्ये चाललेलं होतं, ते सुखरूप संपलं. म्हणून डिव्हाइस यादीत दिसतं, पण त्याच्यामागे ऐकणारं कोणी नाही.

ग्राहकाकडे जाणाऱ्या बिल्डमध्ये हेच चित्र जास्त भयंकर दिसतं. तिथे सहसा 'पॅनिक-ऑन-ऊप्स' (ऊप्स आला की अख्खा कर्नल थांबवण्याचा पर्याय) चालू असतं आणि पॅनिकनंतर काही सेकंदांनी आपोआप रीबूट. तो रीबूटही वॉर्म, म्हणजे दरम्यान कोणी काच शिवली असेल तर पुन्हा तोच ऊप्स, पुन्हा पॅनिक. काचेला हात लागत राहिला तर प्लग उपटेपर्यंत बोर्ड त्या चक्रातून बाहेर येत नाही. तिथे लॉग हवा असेल तर सिरियल कन्सोल लावा (११५२०० बॉड, आणि कर्नलच्या कमांड लाइनवर 'इग्नोर-लॉगलेव्हल'), नाहीतर कर्नलचा लॉग रॅममध्ये जपणाऱ्या 'रॅमऊप्स'साठी रॅमचा एक तुकडा राखून ठेवा. वॉर्म रीबूटमध्ये रॅम टिकली, तर पुढच्या बूटला 'पीस्टोअर'मध्ये मागचा लॉग मिळतो. बूटलोडर ती जागा पुसून टाकत नाही ना, हे आधी तपासून घ्यावं.

आता ऊप्स वाचण्याविषयी. आधी चौकटी कंसातला आकडा बघायचा. 'हॅश १' असेल तरच पुढे वाचण्यात अर्थ आहे. २ किंवा ३ असेल तर तो आधीच्या पडझडीचा परिणाम असू शकतो, तेव्हा वर स्क्रोल करून पहिला शोधा. मग 'टेंटेड'ची (कर्नलमध्ये आधी काय घडलं ते सांगणारी) अक्षरं. त्यात 'डब्ल्यू' असेल तर आधी कुठेतरी वॉर्निंग येऊन गेली आहे, आणि पुष्कळदा खरं कारण त्या वॉर्निंगमध्येच सापडतं. 'कॉम'पुढे चालू थ्रेडचं नाव असतं. इथे ते 'आयआरक्यू', तिरकी रेघ, इंटरप्टचा क्रमांक आणि ड्रायव्हरचं नाव अशा रूपात होतं. म्हणजे प्रोबमध्ये नव्हे, इंटरप्ट हँडलरच्या थ्रेडमध्ये पडलं, हे कॉल ट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती यादी) उघडण्याआधीच कळलं.

त्यानंतर पत्ता. कोसळलेला पत्ता होता हेक्स २८, म्हणजे ४०. शुद्ध शून्यावर कोसळणारे ऊप्स त्या मानाने कमीच दिसतात. बहुतेक वेळा एखाद्या स्ट्रक्चरचा पॉइंटर शून्य असतो आणि त्याच्या आतलं एखादं फील्ड वाचायला गेल्यावर त्या फील्डचं अंतर पत्ता म्हणून दिसतं. प्रोग्राम काउंटर (चालू सूचनेचा पत्ता) इनपुट सबसिस्टिमच्या 'इनपुट-इव्हेंट' फंक्शनमध्ये होता. हे बघून 'इनपुट कोअरमध्येच बग आहे' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. कोअर रोज कोट्यवधी मशीनवर चालतो. त्याला चुकीचं काय दिलं गेलं, हे आधी बघायचं. लिंक रजिस्टर (परतीचा पत्ता) आणि ट्रेसची पुढची ओळ आपल्या ड्रायव्हरच्या हँडलरकडे बोट दाखवत होती.

हेक्स २८ ला कोणतं फील्ड आहे, हे डोळ्यांनी मोजत बसू नये. डीबग माहितीसह बांधलेल्या व्हीएमलिनक्सवर (कर्नलच्या न दाबलेल्या फाइलवर) स्ट्रक्चरची मांडणी दाखवणारं 'पाहोल' चालवून 'इनपुट-डेव्ह' स्ट्रक्चर छापून घ्या. पण या एका स्ट्रक्चरचा हिशोब तोंडीही होतो: नाव, फिज आणि युनिक हे ३ पॉइंटर म्हणजे २४ बाइट, आयडीचे ८, प्रॉपर्टी बिटमॅपचे ८. झाले ४०. त्यापुढचं फील्ड म्हणजे इव्हेंट बिटमॅप, 'ईव्हीबिट'. 'इनपुट-इव्हेंट' सुरुवातीलाच या प्रकारचा इव्हेंट डिव्हाइसला चालतो का, हे त्या बिटमॅपमध्ये बघतं. म्हणजे डिव्हाइसचा पॉइंटरच शून्य होता. ३२-बिट आर्मवर हाच बग हेक्स १८ दाखवेल, कारण तिथे पॉइंटर ४ बाइटचे आणि प्रॉपर्टी बिटमॅपही ४ चा. ऊप्सच्या 'कोड' ओळीत कंसातला शब्द एफ९४०१४०० होता. त्याचा अर्थ: एक्स० रजिस्टरमधल्या पत्त्यात हेक्स २८ मिळवून तिथले ८ बाइट वाच. आणि वर एक्स० शून्य. शंकेला जागा उरली नाही.

रजिस्टर बघणं अगदी सोडू नये, कारण छोटा पत्ता दिसला की पॉइंटर नलच होता, असं नाही. कर्नलमधली बरीच फंक्शनं चूक झाल्यावर नल देत नाहीत, चुकीचा क्रमांक उणे करून पॉइंटरच्या वेषात परत देतात. मेमरी नसल्याचा क्रमांक १२. उणे १२ मध्ये ४० मिळवले की २८, म्हणजे हेक्स १सी. लॉगमध्ये हेक्स १सी दिसला की माणूस नल-नल करत बसतो आणि खरी चूक असते ती परतावा तपासताना 'इझ-एरर' न वापरण्याची. ८ बाइटच्या फील्डचा पत्ता ८ ने भागला जात नसेल, तर कान टवकारावेत. थेट तसाच पत्ता आला तर तो एफ-एफ-एफची लांब माळ असतो. शेवटी एफ४ म्हणजे उणे १२. शेवटी एफडीएफबी म्हणजे उणे ५१७, 'प्रोब पुढे ढकला' हा संकेत, जो कोणीतरी खरा पॉइंटर समजून वापरला. स्लॅबचं (कर्नलच्या मेमरी वाटपाचं) डीबगिंग चालू असताना ६बी-६बी-६बी दिसलं तर मोकळी केलेली मेमरी वापरली आहे. 'डेड'ने सुरू होऊन १०० किंवा १२२ ने संपणारा पत्ता म्हणजे यादीतून काढलेल्या नोंदीला पुन्हा हात लावला. एक्स८६ वर कासान (मेमरीच्या चुका पकडणारी कर्नलची सोय) चालू असेल तर आणखी एक गंमत होते. हाच हेक्स २८ चा बग तिथे डीएफएफएफएफसीने सुरू होऊन ५ ने संपणाऱ्या विचित्र पत्त्यावर 'जनरल प्रोटेक्शन फॉल्ट' म्हणून येतो. तो कासानच्या सावली-मेमरीचा पत्ता असतो: हेक्स २८ भागिले ८ बरोबर ५. खालच्या ओळीत तो स्वतःच 'नल-पॉइंटर-डिरेफ' आणि २८ ते २एफ ही रेंज सांगतो.

नेमकी ओळ काढायला कर्नलच्या 'स्क्रिप्ट्स' फोल्डरमधलं 'एफ-ॲडर-टू-लाइन' पुरतं: फंक्शनचं नाव अधिक ऑफसेट, तसंच्या तसं ट्रेसमधून उचलून द्यायचं. सगळा ट्रेस एकदम हवा तर 'डीकोड-स्टॅकट्रेस'. अट एकच, व्हीएमलिनक्स आणि मॉड्यूल त्याच बिल्डचे हवेत. कॉन्फिगमधला एक पर्याय बदलून 'जवळपास तोच' कर्नल बांधला तर ही साधनं आत्मविश्वासाने चुकीची ओळ सांगतात. आणि 'इनपुट-रिपोर्ट-की' ट्रेसमध्ये दिसत नाही म्हणून गोंधळू नका. ते इनलाइन आहे, हँडलरमध्येच विरघळलेलं असतं.

ओळ सापडली: हँडलर चिपकडून पॅकेट वाचतो आणि स्पर्श कळवतो, तीच. मग प्रोब उघडलं. क्रम असा होता. शून्य भरलेली मेमरी घे, रेग्युलेटर (चिपला वीज देणारा) चालू कर, 'रिक्वेस्ट-थ्रेडेड-आयआरक्यू'ने इंटरप्ट माग, चिपची फर्मवेअर आवृत्ती वाच, ५० मिलिसेकंद थांब, आणि त्यानंतर इनपुट डिव्हाइस तयार करून नोंदव. म्हणजे वरात दारात आणि मांडव अजून घालायचाय. इंटरप्ट मागितला की तो त्याच क्षणी उघडा होतो. फंक्शन परत येण्याआधीही हँडलर धावू शकतो. ही अपवादाची गोष्ट नाही, करारच तसा आहे.

तरीही रोज का पडत नव्हतं? टच चिपची इंटरप्टची तार लेव्हल-लो आहे, म्हणजे ती खाली असेपर्यंत इंटरप्ट चालूच. बोट लागलं की चिप ती खाली ओढते आणि कोणी पॅकेट वाचेपर्यंत खालीच धरून ठेवते. वीज काढून दिली की चिपचं स्वतःचं फर्मवेअर उठायला वेळ लागतो, तोपर्यंत पुल-अप रेझिस्टरने तार वर असते आणि प्रोब निवांत उरकतं. वॉर्म रीबूटमध्ये मात्र पॅनेलची वीज जातच नाही. या बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीमध्ये (हार्डवेअरच्या वर्णनात) तो रेग्युलेटर 'ऑलवेज-ऑन' होता आणि रीसेटची पिन जोडलेलीच नव्हती. जुना कर्नल बंद होत असताना कोणी काच शिवली असेल, तर तार खाली आणि न वाचलेलं पॅकेट तसंच. नवा कर्नल इंटरप्ट उघडतो तो थेट त्यावर. 'रीबूट'चं बटण त्याच टचस्क्रीनवर असेल तर बोट काचेवर असणारच!

आता शर्यतीचा हिशोब. ४०० किलोहर्ट्झच्या बसवर एका बाइटला ९ क्लॉक, म्हणजे २२.५ मायक्रोसेकंद. रजिस्टर लिहिण्याचे २ बाइट, परत पत्ता १ आणि पॅकेट १६, एकूण १९ बाइट म्हणजे साधारण ४३० मायक्रोसेकंद. हँडलर अर्ध्या मिलिसेकंदात पॅकेट वाचून शून्य पॉइंटरवर उभा राहतो. प्रोब तेव्हा ५० मिलिसेकंदांच्या झोपेत. ती झोप नसती तर इनपुट डिव्हाइसची मेमरी हँडलरच्या आधी मिळून गेली असती आणि बग वर्षानुवर्षं लपून राहिला असता. त्यामुळे 'जुन्या कर्नलवर चालत होतं' या वाक्याला इथे पुराव्याची किंमत नाही.

सुचणारा पहिला उपाय म्हणजे हँडलरच्या तोंडाशी 'पॉइंटर नल असेल तर परत फिर' ही ओळ. तो पॅच आमच्याकडे आला असता तर आम्ही परत पाठवला असता. पॅकेट न वाचता परतलं तर तार खालीच राहते, म्हणजे इंटरप्ट लगेच पुन्हा येतो, आणि प्रोब संपेपर्यंत हाच धिंगाणा. हँडलरने 'माझा नाही' असं उत्तर दिलं तर कर्नल मोजत राहतो: १ लाखात ९९,९०० हून जास्त बेवारस निघाले की 'नोबडी केअर्ड' म्हणून ती लाइनच बंद. 'हाताळला' असं खोटं सांगितलं तर तो हिशोब टळतो, पण एक सीपीयू फुकट राबतो. शिवाय हँडलर एका थ्रेडमध्ये, नेमणूक दुसऱ्यात, मध्ये कुलूप नाही. पॉइंटर भरलाय पण मल्टिटचचे स्लॉट अजून बांधायचे आहेत, अशा अर्धवट अवस्थेलाही ती तपासणी खुशाल पास करते.

नल तपासणी चुकीच्या जागी असली तर काय होतं, याचं जुनं उदाहरण २००९ मधलं आहे. लिनक्सच्या टन (आभासी नेटवर्कच्या) ड्रायव्हरमध्ये पॉइंटर आधी वापरला होता आणि 'नल आहे का' ही तपासणी त्याच्या पुढच्या ओळींत होती. कंपायलरने विचार केला की वापरलाय म्हणजे नल असूच शकत नाही, आणि तपासणी काढून टाकली. त्यातून सुरक्षेचं मोठं भोक पडलं. त्यानंतर कर्नल अशा तपासण्या न उडवण्याच्या कंपायलर पर्यायासह बांधला जाऊ लागला. उलट बाजूही ध्यानात असू द्या: नल सगळीकडे चूक नसते. ऐच्छिक जीपीआयओ (सर्वसाधारण कामाची पिन) नसेल तर नल मिळते आणि जीपीआयओची फंक्शनं ती मुकाट्याने पचवतात. क्लॉकचंही तसंच. तिथे तपासण्यांची भर घालणं म्हणजे नुसता कचरा.

खरी दुरुस्ती क्रमाची. आधी मेमरी, रेग्युलेटर, चिपची ओळख. मग इनपुट डिव्हाइस तयार करणं, त्याच्या क्षमता आणि अक्षांच्या मर्यादा भरणं, स्लॉट बांधणं. इंटरप्ट त्यानंतर. डिव्हाइस नोंदवण्याआधी इंटरप्ट आला तरी बिघडत नाही. 'इनपुट-इव्हेंट'च्या दस्तऐवजात लिहिलेलंच आहे की मेमरी मिळाल्यापासून ते बोलावणं सुरक्षित आहे, नोंदणीपर्यंत इव्हेंट पुढे कोणाला पोचत नाहीत एवढंच. म्हणून 'नोंदणी आधी की इंटरप्ट आधी' यावर फार वाद नको. अपवाद एक: ओपन फंक्शनमध्ये 'एनेबल-आयआरक्यू' असेल तर इंटरप्ट नोंदणीच्या आधीच मागावा लागतो, कारण नोंदणी होताच युजरस्पेस डिव्हाइस उघडू शकते. अशा वेळी 'नो-ऑटोएन' हा फ्लॅग द्यायचा. इंटरप्ट मिळतो, पण बंद अवस्थेत. आम्ही हाच मार्ग धरला. वापरणारं कोणी नसताना चिपचं ऐकत बसण्यात तसाही अर्थ नाही. 'वनशॉट' फ्लॅग (थ्रेड संपेपर्यंत इंटरप्ट झाकून ठेवणारा) आधीपासून होताच. प्राथमिक हँडलर नल देऊन तो फ्लॅग विसरलात तर मागणीच नाकारली जाते.

एक बारकी गोष्ट राहते. इंटरप्ट उघडण्याआधी पॅकेट एकदा वाचून फेकून द्या. नाहीतर मागच्या बूटचा शिळा स्पर्श नव्या बूटमध्ये 'बोट दाबलेलं' म्हणून नोंदला जातो आणि पुढचा खरा स्पर्श होईपर्यंत तसाच अडकून राहतो. बोट खरोखरच काचेवर असेल तर चिप पुढच्या स्कॅनला सांगतेच.

प्रोबचा क्रम सुधारला की उलटा क्रम बघायचा, आणि जुने ड्रायव्हर तिथेच जास्त वेळा पडतात. 'डेव्ह-एम' वर्गातल्या, म्हणजे ज्यांची आवराआवर कर्नल स्वतः करतो त्या, गोष्टी रिमूव्ह फंक्शन संपल्यानंतर मोकळ्या होतात, घेतल्याच्या उलट क्रमाने. आमच्या ड्रायव्हरचं रिमूव्ह हाताने रेग्युलेटर बंद करत होतं आणि इंटरप्ट मात्र डेव्ह-एमचा. म्हणजे रेग्युलेटर 'ऑलवेज-ऑन' नसलेल्या बोर्डावर चिपची वीज गेली तरी हँडलर अजून जिवंत. रेग्युलेटर बंद करणं 'डेव्ह-एम-ॲड-ॲक्शन-ऑर-रीसेट'ने त्याच साखळीत ओवलं आणि रिमूव्ह फंक्शन अख्खं काढून टाकलं. हँडलर पुढे ढकललेलं काम टाकत असेल तर आधी इंटरप्ट थांबला पाहिजे, मग ते काम रद्द. उलट केलंत तर रद्द केल्यावर हँडलर ते पुन्हा रांगेत लावतो. डेव्ह-एमची व्यवस्थापित इनपुट डिव्हाइस या बाबतीत समंजस आहे: नोंदणी रद्द होणं आणि मेमरी सुटणं साखळीत वेगवेगळ्या जागी बसतं, त्यामुळे मधल्या काळात आलेला इंटरप्ट मोकळ्या मेमरीवर पडत नाही. त्याच फाइलमध्ये सिसएफएसची (कर्नल युजरस्पेसला दाखवतो त्या फाइलांपैकी) एक फाइल ड्रायव्हरचा डेटा जोडण्याआधीच तयार केलेली सापडली. कोणी नेमकं तेव्हा वाचलं तर पुन्हा नल. तिला 'डेव्ह-ग्रुप्स'मध्ये हलवलं, म्हणजे प्रोब यशस्वी झाल्यावरच ती उगवते.

तपासणीसाठी दैवावर विसंबू नका. जुन्या कोडमध्ये इंटरप्ट मागितल्यानंतर २०० मिलिसेकंदांची झोप घाला, काचेवर बोट ठेवा आणि सिसएफएसमधून डिव्हाइस अनबाइंड करून पुन्हा बाइंड करा. हमखास पडतो. तीच झोप नव्या कोडमध्ये इंटरप्ट आणि नोंदणी यांच्या मध्ये ठेवून शेकड्याने बाइंड-अनबाइंड फिरवा, कासान आणि 'डीबग-टेस्ट-ड्रायव्हर-रिमूव्ह' चालू ठेवून. दुसरा पर्याय प्रत्येक ड्रायव्हरला प्रोब, रिमूव्ह, पुन्हा प्रोब असं फिरवतो. त्यात रेग्युलेटरचा असमतोल, राहिलेलं काम वगैरे लगेच उघडं पडतं. मात्र इतर ड्रायव्हरांचे बगही त्यात बाहेर येतात आणि बोर्ड बूटच होत नाही, तेव्हा हा पर्याय फक्त टेबलावरच्या बिल्डमध्ये ठेवा. या बोर्डावर बाइंड-अनबाइंडमध्ये चिपची वीज जात नाही, म्हणून हा प्रयोग वॉर्म रीबूटची बरोबर नक्कल करतो.

पॅच पाठवताना क्रमाची दुरुस्ती एक आणि रिमूव्हची दुसरी, असे वेगळे ठेवले. जुन्या आवृत्त्यांना दुरुस्त्या देणाऱ्या स्टेबल शाखेचा नियम आहे की पॅच आजूबाजूच्या ओळींसह १०० ओळींच्या आत असावा, आणि एकत्र केलं तर ते जमत नाही. संदेशात ऊप्सच्या तीन-चार ओळी पुरतात: पत्ता, प्रोग्राम काउंटर आणि ट्रेसचा वरचा भाग. वेळेचे शिक्के आणि ३१ रजिस्टर काढून टाका. 'फिक्सेस'पुढे ज्या कमिटने तो क्रम आणला त्याच्या हॅशची पहिली १२ अक्षरं. इथे ती ड्रायव्हरची अगदी पहिली कमिट निघाली, म्हणजे सगळ्या चालू स्टेबल शाखा आल्या. 'नो-ऑटोएन' हा मागणीचा फ्लॅग २०२१ मध्ये आला. ज्या शाखेत तो नाही तिथे इंटरप्ट मागण्याआधी 'आयआरक्यू-सेट-स्टेटस-फ्लॅग्ज'ने तीच गोष्ट करावी लागते. बॅकपोर्टमध्ये (पॅच जुन्या शाखेत नेताना) ती ओळ मागणीच्या खाली टाकली तर उपयोग शून्य, तोवर दार उघडून गेलेलं असतं.